मोटर विहिरीवर, तपासणी घरबसल्या



रेडिओवरील आमच्या कार्यक्रमात मोबाईल स्टार्टरबद्दल बोलणे झाले, त्यानंतर बऱ्याच श्रोत्यांनी एकच प्रश्न विचारला. “मोटर मोबाईलवर चालू-बंद होते, ते ठीक. पण पडद्यावर ते व्होल्टचे आणि अँपिअरचे आकडे दिसतात, त्यांचं करायचं काय?” प्रश्न अगदी रास्त आहे. यंत्राला पैसे मोजले, दर महिन्याला सिमचा रिचार्ज मारला, आणि वापर काय, तर फक्त बटण दाबण्यापुरता! बैल घ्यावा आणि त्याच्याकडून फक्त घुंगरं वाजवून घ्यावीत, तशातला हा प्रकार झाला. या पत्रकात त्या आकड्यांचाच विचार करायचा आहे. ते वाचता आले, तर तुम्ही घरी बसून मोटरीची तपासणी करू शकता. ती जळण्याआधी काही दिवस, कधी काही आठवडे, तिच्या कुरकुरी कानावर येतात.

मोटर जळणे म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. बोअरमधली मोटर असली तर आधी ती वर काढायची. त्यासाठी माणसे किंवा कप्पीची गाडी हवी. मग तालुक्याला नेऊन भरून आणायची, पुन्हा सोडायची. हंगामात भरणाऱ्याकडे रांग असते. चार-सहा दिवस कसेही जातात. नेमका तेव्हा गहू ओंबीवर असतो नाहीतर कांदा पोसत असतो. मोटर भरण्याचा खर्च दिसतो, पण पिकाला जी पाण्याची पाळी चुकली तिचा हिशेब कोणी मांडत नाही.

पेटीत असते काय?

आपल्या राज्यात शेतीपंपांना तीन फेजची लाईट अजूनही बऱ्याच भागांत पाळीपाळीने येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्री बॅटरी घेऊन बांधाबांधाने जायचे. साप-विंचू आहेत, उसाच्या पट्ट्यात बिबट्याही आहे. ही पायपीट वाचावी म्हणून मोबाईलवरून पंप चालवण्याची कल्पना निघाली. पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांचे ‘नॅनो गणेश’ हे यंत्र त्यातले एक ठळक नाव. आता अनेक कारखान्यांची यंत्रे बाजारात आहेत. आम्ही कोणा एकाची शिफारस करीत नाही.

सुरुवातीच्या यंत्रांना फोन लावला की मोटर चालू, पुन्हा लावला की बंद, एवढेच येत असे. नव्या पेटीत आणखी काही असते. मोटरीकडे जाणाऱ्या तिन्ही वायरी छोट्या कड्यांमधून ओवलेल्या असतात. त्यांना सी.टी. म्हणतात. वायरीला कुठेही न कापता किती करंट जातो ते हे कडे ओळखते. शिवाय तिन्ही फेजचा दाब, म्हणजे व्होल्टेज, मोजलेला असतो. हे आकडे सिममधून इंटरनेटवर जातात आणि तिथून तुमच्या मोबाईलवर येतात. तेच आकडे तालुक्याच्या गावी बसलेला तुमचा मोटर भरणारा मिस्त्रीही त्याच वेळी पाहू शकतो. वैद्याने तीन बोटांनी नाडी बघावी, तशी ही तीन करंटांची नाडी आहे.

आधी निरोगी मोटरीचे आकडे लिहून ठेवा

हे काम सगळ्यात महत्त्वाचे, आणि नेमके हेच कोणी करीत नाही. मोटर नवी असताना, किंवा नुकतीच भरून आणलेली असताना, विहिरीला पाणी भरपूर असताना, ती अर्धा तास चालू द्या. मग तीन व्होल्ट आणि तीन करंट वहीत लिहा. तारीख घाला. पाण्याची पातळी किती खाली होती तेही लिहा. वही नसेल तर स्टार्टरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला रंगाने लिहिलेत तरी चालेल. हे झाले तुमच्या मोटरीचे स्वतःचे माप. शेजाऱ्याच्या मोटरीचे माप तुमच्या उपयोगाचे नाही.

मोटरीच्या पाटीवर पूर्ण भाराचा करंट छापलेला असतो. तो आकडा ओलांडायचा नाही, हा नियम. पाटी गंजून गेली असेल तर अंदाज असा: वरची, म्हणजे विहिरीच्या काठावरची तीन फेज मोटर ४१५ व्होल्टला एका अश्वशक्तीमागे सुमारे दीड अँपिअर घेते. पाच अश्वशक्तीची मोटर साडेसात-आठ अँपिअरच्या आसपास. पाण्यात बुडणारी मोटर त्याहून जास्त घेते, एका अश्वशक्तीमागे दोन अँपिअरच्या जवळपास. हा नुसता अंदाज आहे. मिळाली तर पाटीच खरी.

आकडे काय बोलतात

आता समजा, तुमच्या मोटरीचे रोजचे आकडे आठ, आठ, आठ आहेत. एके दिवशी मोबाईलवर पाच, पाच, पाच दिसतात. व्होल्टेज ठीक आहे. याचा अर्थ मोटर फिरते आहे पण तिच्यावर पाण्याचा भार नाही. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी तुटले असेल, वरच्या मोटरीचा फुटव्हॉल्व्ह गळून पाइपातले पाणी उतरले असेल, किंवा कुठेतरी कॉक बंद राहिला असेल. बोअरची मोटर पाण्यावाचून चालली की तिची बेअरिंग आतल्या आत झिजून जातात, कारण त्यांना थंडावा पाण्याचाच असतो. म्हणून हा आकडा दिसताच मोटर बंद करा. उन्हाळ्यात रोज किती वेळाने आकडा खाली येतो तेही लिहीत जा. चैत्रात दोन तासांनी येत होता आणि वैशाखात सव्वा तासाने येऊ लागला, तर बोअरमधले पाणी किती उतरले हे दोर न सोडता कळले.

तिन्ही आकडे सारखे पण वाढलेले असतील, दहा, दहा, दहा, तर आधी व्होल्टेज बघा. दाब कमी झाला की मोटर तेवढेच काम ओढण्यासाठी करंट जास्त खेचते आणि तापते. दाब बरोबर असूनही करंट वाढला असेल तर पंपात वाळू-गाळ अडकला, बेअरिंग धरले किंवा पंखा घासतो आहे, असे समजा. एका दिवसात वाढला तर काहीतरी अडकले. महिन्या-दोन महिन्यांत हळूहळू चढत गेला तर झीज आहे. हा फरक वहीशिवाय कळत नाही.

एक आकडा शून्य आणि बाकीचे दोन एकदम वाढलेले, हे सगळ्यात वाईट. एक फेज गेला. डीपीवरचा फ्यूज उडाला असेल, किटकॅट सैल असेल, कुठे तार तुटली असेल. चालती मोटर अशा वेळी थांबत नाही, हीच खरी अडचण. ती उरलेल्या दोन फेजवर चालत राहते आणि त्या दोन वायरींतला करंट साधारण पावणेदोन पट होतो. आठाचे चौदा झाले समजा. वाइंडिंग जळायला मग फार वेळ लागत नाही, काही मिनिटे पुरतात. थांबलेली मोटर असेल तर ती फिरतच नाही, नुसती घुमते.

इथे थोडे कडू बोलावे लागेल. एक फेज गेला की मोटर बंद पाडणारे साधन, सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर, आपल्याकडे बहुतेक पेट्यांमध्ये असते. पण दोन फेजवर कंडेन्सर लावून मोटर ओढायची म्हणून ते साधन पहिल्या महिन्यातच तोडून ठेवलेले आम्ही पुष्कळ ठिकाणी पाहिले आहे. मोबाईलचे यंत्र बसवले आणि आतला प्रिव्हेंटर तोडला, तर ते यंत्र तुम्हाला मोटर जळत असल्याची बातमी तेवढी देईल.

आकडे असमान दिसले तर

सगळ्यांत जास्त घोळ इथे होतो, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

समजा आज करंट आठ, नऊ आणि दहा पूर्णांक सहा आहेत. तिघांची बेरीज २७.६, सरासरी ९.२. सरासरीपासून सर्वांत दूर असलेला आकडा १०.६, म्हणजे फरक १.४. सरासरीच्या मानाने हा फरक १५ टक्के झाला. पाच टक्क्यांपर्यंत फरक चालवून घ्यावा. दहाच्या वर गेला की कारण शोधायलाच हवे.

तसाच हिशेब व्होल्टेजचा करा. ३९८, ४१० आणि ४१६ व्होल्ट असतील तर सरासरी ४०८, सर्वांत मोठा फरक १० व्होल्ट, म्हणजे अडीच टक्के. तुम्ही म्हणाल, अडीच टक्के म्हणजे किती! पण व्होल्टेजमधला एक टक्का फरक करंटमध्ये सहा ते दहा टक्के होऊन उतरतो. व्होल्टेज साडेतीन टक्के असमान असले तर मोटरीची गरमी सुमारे पंचवीस टक्क्यांनी वाढते. आणि वाइंडिंग दहा अंश जास्त तापत राहिले की त्याचे आयुष्य अर्ध्यावर येते, हा मोटर बनवणाऱ्यांचा जुना ठोकताळा आहे.

आता दोष लाइनीचा की मोटरीचा? इथे लाइनमन म्हणतो मोटर खराब, आणि मिस्त्री म्हणतो लाईट खराब. तुम्ही मध्ये. याचा निवाडा करायची एक साधी परीक्षा आहे. ती वायरमनकडूनच करून घ्या, मेन स्विच बंद करून. स्टार्टरमधून मोटरीकडे जाणाऱ्या तीन वायरी एकेक घर पुढे सरकवायच्या: पहिलीच्या जागी तिसरी, दुसरीच्या जागी पहिली, तिसरीच्या जागी दुसरी. तिन्ही सरकवल्या तर मोटरीची फिरण्याची दिशा बदलत नाही. दोनच वायरी अदलाबदल केल्या तर मात्र मोटर उलटी फिरेल, हे विसरू नका. नंतर मोटर चालवा आणि मोबाईलवर आकडे बघा. मोठा करंट आधी होता त्याच फेजवर राहिला, तर दोष लाइनीचा, डीपीचा किंवा मेन स्विचचा. मोठा करंट वायरीबरोबर सरकून दुसऱ्या फेजवर गेला, तर दोष केबलचा किंवा मोटरीचा. आणखी एकदा सरकवून खात्री करा. पाच-पन्नास फूट खोल गेलेली मोटर वर काढण्याआधी ही अर्ध्या तासाची तपासणी केलीच पाहिजे. नुसत्या संशयावर निरोगी मोटर बाहेर काढली आणि शेवटी सैल किटकॅट निघाला, असे होते.

या तपासणीत मिस्त्रीला तालुक्याहून यायची गरज नाही. वायरमन पेटीपाशी उभा, मिस्त्री त्याच्या दुकानात मोबाईलवर आकडे बघत, आणि तुम्ही दोघांच्या मध्ये फोनवर. मिस्त्रीला नुसते आकडे पाहण्याची परवानगी द्यावी, चालू-बंद करण्याची देऊ नये. बहुतेक यंत्रांत अशी सोय असते. आणि तुमचा परवलीचा आकडा पेटीच्या दारावर खडूने लिहून ठेवू नका.

दुरून चालू करताना

मोटर चालू होते त्या क्षणी ती पूर्ण भाराच्या सहा-सात पट करंट ओढते आणि वेग धरला की आकडा झपाट्याने खाली येतो. तो खाली आलाच नाही तर पंप अडकला आहे. रिले मोटर पाडेल. विहिरीवर असता तर घुमण्याचा आवाज ऐकून तुम्ही हात आखडता घेतला असता. घरात आवाज येत नाही, म्हणून माणूस पुन्हा बटण दाबतो. पुन्हा पडते, पुन्हा दाबतो. प्रत्येक वेळी वाइंडिंगमध्ये तेवढी गरमी साठते. दोन वेळा पडली की तिसऱ्यांदा दाबू नका. विहिरीवर जा.

बंद केलेली मोटर लगेच चालूही करू नये. उभ्या पाइपातले पाणी खाली उतरत असते, आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह नसेल तर पंप उलटा फिरत असतो. त्यावर सुलटा जोर आला तर शाफ्टला मार बसतो. पाच मिनिटे जाऊ द्या.

लाईट आल्याबरोबर मोटर आपोआप चालू होण्याची सोय असते. एका डीपीवर वीस मोटरी आणि सगळ्या एकाच सेकंदाला सुरू झाल्या, तर दाब कोसळतो, डीपीवर ताण येतो. ऑटो स्विच काढा आणि कपॅसिटर बसवा, असे महावितरण शेतकऱ्यांना सांगत असते ते यासाठी. नव्या यंत्रांत उशीर लावता येतो. डीपीवरच्या सर्वांनी मिळून ठरवा: कोणी एक मिनिट, कोणी दोन, कोणी पाच.

आता जिवाची गोष्ट. पूर्वी मोटर सुरू करणारा माणूस मोटरीजवळ असे. आता तो गावात, कधी पुण्या-मुंबईत नोकरीला असलेला मुलगाही बटण दाबतो. त्याच वेळी गड्याचा हात पंपाच्या कपलिंगवर असला, किंवा कोणी पंप धुण्यासाठी विहिरीत उतरला असला तर? म्हणून पंपाला हात लावण्याआधी मेन स्विच बंद करायचा, किटकॅट काढून स्वतःच्या खिशात ठेवायचे, आणि ज्यांच्या-ज्यांच्या मोबाईलवर ही मोटर आहे त्या सर्वांना फोन करून सांगायचे. मोबाईलवर ‘बंद’ दिसते म्हणून वायरीत लाईट नाही, असे कधीही धरू नका. “ही मोटर आपोआप चालू होते” अशी पाटी पंपावर रंगवून घ्या.

दुरून जे दिसत नाही

वाइंडिंगवरच्या आवरणात ओल शिरली, ते कमजोर झाले, तर ते करंटच्या आकड्यांत दिसत नाही. मोटर छान चालत असते आणि एक दिवस जाते. त्यासाठी मेगर लागतो. मेन स्विच बंद करून, मोटरीच्या वायरी पेटीतून सोडवून, ५०० व्होल्टच्या मेगरने वाइंडिंग आणि जमीन यांमधला रोध मोजतात. एक मेगओहमच्या खाली आला तर मोटर चालवू नये. चांगल्या मोटरीचा याच्या कितीतरी पट असतो. पावसाळ्यानंतर, पहिल्या पाळीच्या आधी, एवढे काम वायरमनकडून करून घ्या आणि आकडा त्याच वहीत उतरवा. गेल्या वर्षी पन्नास आणि यंदा पाच असेल, तर अजून चालेल, पण कल कुठे आहे ते कळले.

सैल झालेला जोड, पेटीतला जळका वास, पालीने अडकवलेला कॉन्टॅक्टर, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडलेला, बेअरिंगचा खरखराट, यांतले काहीही मोबाईल सांगत नाही. आठवड्यातून एक फेरी विहिरीवर हवीच.

आणखी एक मर्यादा आहे. पेटी इंटरनेटवर आकडे सतत पाठवीत नाही, ठराविक वेळाने पाठवते. क्षणभराची थरथर तिच्यात निसटते. मोठ्या कारखान्यांत यावर उपाय आहे. तिथे करंटची लहर सेकंदाला हजारो वेळा मोजून दूरच्या संगणकाकडे पाठवतात. मिनिटाला २,८८० फेरे घेणाऱ्या मोटरीच्या रोटरची पट्टी तुटली, तर लाईटच्या ५० सायकलींच्या दोन्ही बाजूंना, ४६ आणि ५४ वर, बारीक लहरी उमटतात. त्यावरून मोटर न उघडता रोटर मोडल्याचे कळते. आपल्याकडचे जुने वायरमन हेच काट्याच्या अँपिअर मीटरवर ओळखत: काटा एका लयीत थरथरू लागला की म्हणत, रोटर गेला. आपल्या शेतावरच्या स्वस्त पेटीला ते जमत नाही, म्हणून पेटीवरचा जुना काट्याचा मीटर काढून टाकू नका.

दुकानदाराला काय विचारावे

रेंज नसताना, इंटरनेट बंद असताना, फेज गेला किंवा पाणी तुटले तर पेटी आपण होऊन मोटर पाडते का? हा पहिला प्रश्न. उत्तर ‘मोबाईलवर मेसेज येतो’ असे असेल तर ती पेटी घेऊ नका. संरक्षण जागेवरच व्हायला हवे, मेसेज नंतर आला तरी चालेल. तिन्ही करंट वेगवेगळे दाखवते की एकच सरासरी? सरासरीचा आकडा वर सांगितलेल्या निम्म्या तपासण्यांना निरुपयोगी. विहिरीवर कोणत्या कंपनीची रेंज येते आणि पेटीतले सिम टू-जीचे की फोर-जीचे? सगळ्या कंपन्या टू-जी देत नाहीत. ज्या कंपनीचे सिम घालायचे त्याच कंपनीच्या मोबाईलवरून विहिरीपाशी उभे राहून आधी बोलून बघा. लाईट गेल्यावर पेटीची बॅटरी किती वेळ टिकते, तेही विचारा. आणि मागचे आकडे किती दिवस साठवून ठेवते, हे विचारून घ्या. महिनाभराचे तरी हवेत. कमी असतील तर दर रविवारी सहा आकडे वहीत उतरवायचे काम घरातल्या शाळेत जाणाऱ्या मुला-मुलीकडे सोपवा. त्यांना मोबाईल तसाही हवाच असतो.